पुठ्ठ्याचा सोल

प्रिय धाकट्या,

पत्र पाहून दचकू नकोस. बाबा आहेत. आधी एवढं सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. नाहीतर तुझी सवय मला माहीत आहे, शेवटचं पान आधी उलटतोस. या वेळी तसं करू नकोस, एवढं ताईचं ऐक. फोनवर का नाही बोललीस, असं म्हणशील. या आठवड्यात मी तीनदा फोन केला आणि तीनही वेळा तुमच्याकडे थंडी पडली का, हे विचारून ठेवून दिला. ताईला थंडीची एवढी काळजी कधीपासून, असं तुझ्याही मनात आलं असेलच. बोलायला लागलं की मला पळवाट सापडते. लिहिताना कमी सापडते.

बाबा आता दुकानामागच्या खोलीतच असतात. जिना केव्हाच बंद झाला. डोळ्यांना उजेड आहे की नाही एवढंच कळतं, पण कान शाबूत आहेत. गिऱ्हाईक दारात आलं की हे आतून ओरडतात, उजवी टाच आतून खाल्लीय बघ, नुसतं रबर मारून भागणार नाही. गिऱ्हाईक चकित होतं आणि मला उगाच ओशाळल्यासारखं होतं, कारण मी डोळ्यांनी पाहूनही तेवढं सांगू शकत नाही. मागच्या महिन्यात डॉक्टरबाई येऊन गेल्या. हृदय थकलंय म्हणाल्या, आणि बाहेर पायरीवर येऊन मला हळूच सांगितलं की आता महिने धरू नका, आठवडे धरा. मी मान डोलावली आणि त्यांच्या सँडलचा सुटलेला पट्टा शिवून दिला. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

आता जे लिहिते ते तुला पाठ आहे, पण क्रमाने लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. बाबांनी त्यांच्या हयातीत आपल्या चर्चच्या मंडळीतल्या एकाही माणसाला पुठ्ठ्याच्या सोलवर पुरू दिलं नाही. शवपेटीवाले पेटीबरोबर बूट देतात ते तू पाहिले आहेस. वरून काळे चकचकीत, खाली पुठ्ठा, मागून उघडे, आणि घोट्याशी बांधायला एक फीत. मेलेल्या पायात चढवायला सोपे आणि कुणी कधी तळ उलटून बघत नाही. बाबांच्या अंगाचा त्या बुटांनी तिळपापड व्हायचा. पुनरुत्थानाच्या दिवशी कर्णा वाजेल, मेलेला माणूस उठून उभा राहील, आणि पहिल्याच पावलाला खाली पुठ्ठा? असं ते पेटीवाल्यांना तोंडावर विचारायचे. पेटीवाले बिचारे हसून सोडून द्यायचे. मंडळीतले काही लोकही हसायचे. पण घरात कुणी गेलं की तेच लोक दुकानाच्या दाराशी येऊन उभे राहायचे आणि काय हवंय ते सांगायचेही नाहीत. बाबा उठून वही काढायचे.

ती पायांची वही अजून आहे. खाकी कागदाची, जाडजूड, पाठीला चामड्याची पट्टी. मंडळीतल्या प्रत्येकाचं पाऊल पेन्सिलीने काढलेलं, शेजारी घेर आणि चवड्याची उंची. दर दोन-तीन वर्षांनी बाबा उपासनेनंतर कुणाला ना कुणाला अडवायचे, या एकदा दुकानात, पाय बदलला असेल. तरुण मुलींना ते मेलं अशुभ वाटायचं. आई म्हणायची, अहो, निदान लग्न झालेल्या पोरींना तरी घाबरवू नका. तुझं पाऊल सात वर्षांचं आहे, अकराचं आहे आणि अठराचं आहे. अठराच्या पावलाखाली बाबांनी लिहिलंय, डावी टाच बाहेरून झिजवतो, चाल सुधारत नाही, बापासारखाच हट्टी. परवा ते पान मी बराच वेळ बघत बसले होते.

तू मातीच्या प्रयोगशाळेत लागलास त्या वर्षीचं भांडण आठवतं ना? सुट्टीला आलास आणि जेवताना सहज सांगितल्यासारखं सांगितलंस की चामडंही कुजतं, बाबा. ओलसर जमीन असेल तर इतकी वर्षं, कोरडी असेल तर तितकी. तुझ्याकडे आकडे तयार होते. मला वाटलं, आता हे ताट सरकवणार. पण बाबा शांतपणे म्हणाले, कुजतंच की. पायही कुजतात. मग बूट कशाला, असं तू विचारलंस. त्यावर ते जे म्हणाले ते मी आजवर विसरलेले नाही. पाय परत देणं देवाचं काम, सोल नीट शिवणं माझं. त्याचं काम तो चोख करणार आहे म्हणून मी माझ्यात लबाडी करू का? तू हसलास. वाईट हसला नाहीस, पण हसलास. तिथून तुमच्या दोघांत ते सुरू झालं ते झालंच. दुसऱ्या दिवशी स्टँडवर मी तुला सोडायला आले तेव्हा तू म्हणालास, मेलेल्याला कसला सोल, ताई. मी तुला दटावलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं, आणि नको त्या दिवशी बाहेर आलं.

त्याआधी थोडं हसून घे. नवे पाळकसाहेब दर शुक्रवारी बाबांना भेटायला येतात. माणूस भला आहे, आवाज मऊ आहे, आणि आजारी माणसाशी कसं बोलायचं ते कुठेतरी शिकून आलेला आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी बाबांचा हात धरून सांगितलं की लवकरच तुमचा आत्मा या जीर्ण देहातून मुक्त होऊन वर जाईल. बाबांनी हात काढून घेतला. मी काय वाफ आहे का, म्हणाले. प्रभू मेलेल्यांतून उठले तेव्हा त्यांनी मासा खाल्ला. वाफ मासा खात नाही. हाताला खिळ्यांचे वणसुद्धा तसेच होते, बोट घालून बघता येत होते. मला वर नाही जायचं, मी इथेच येणार आहे, ही जमीन नवी होईल तेव्हा. पाळकसाहेब गोंधळले, पण माणूस प्रामाणिक, म्हणाले, बरोबर आहे तुमचं, मी घाईत अर्धंच सांगितलं. तेव्हापासून दोघांची गट्टी जमली आहे. मागच्या शुक्रवारी चर्चा कशावर, तर शास्त्रातल्या त्या नव्या नगरातला रस्ता सोन्याचा, काचेसारखा, तर त्यावर चामड्याचा सोल घसरणार नाही का. बाबांचं मत पडलं की खाली बारीक दाते पाडावे लागतील. मी दाराआड उभी राहून हसत होते, आणि हसता हसता तिथून बाजूला झाले. कारण त्यांनी लगेच पुढे म्हटलं, हिच्या आईच्या बुटांना मी दाते नाही पाडले, तिला सावरून चालायला सांगावं लागेल.

आईच्या बुटांपाशी आले एकदाची. तू गाडी पकडून निघाला होतास. आई पहाटेच गेली होती आणि दुपारी चारला दफन ठरलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी पाळक नव्हते. आईचे बूट बाबांनी कधीचेच करून ठेवलेले. तुला माहीत आहेत, काळे, मऊ वासराच्या कातड्याचे, टाचेला प्रत्येकी सात पितळी खिळे. इतरांना ते लोखंडी खिळे मारायचे, आईला पितळी. तिने एकदा पायात घालून पाहिले होते आणि म्हणाली होती, एवढे चांगले बूट आणि घालायचे मेल्यावर, हा काय न्याय. मी ते डब्यातून काढले, पुसले, आणि तिच्या पायाशी बसले. पाय आत जाईना. शेवटच्या वर्षात तिचे पाय किती सुजले होते ते मला रोज दिसत होतं. मीच तिला मोठ्या मापाच्या सपाता करून दिल्या होत्या. तरी ते बूट बसणार नाहीत, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वहीतलं आईचं पाऊल वीस वर्षांपूर्वीचं होतं. सगळ्या गावाला अडवून मापं घेणाऱ्या बाबांनी घरातल्या बाईला पुन्हा कधी कागदावर उभं केलं नाही.

आता नीट ऐक, कारण इथे मी नऊ वर्षं स्वतःशी लंगडी सबब सांगत आले आहे. वेळ नव्हता, असं. वेळ होता. सकाळचे दहा वाजले होते. मागची शिवण उसवायची, दोन्ही बाजूंनी मऊ चामड्याची पाचर घालायची, शिवायचं. तासाचं काम. डोळे मिटून केलं असतं. मी चामडं कापायची रापी हातात घेतली सुद्धा. आणि तेव्हा तुझं ते वाक्य आलं. मेलेल्याला कसला सोल. मी तिच्या त्या फुगलेल्या, थंड पायांकडे पाहिलं आणि मला वाटलं, खरंच, कोण चालणार आहे? हे पाय कुठेही जाणार नाहीत. सगळं इथेच संपलंय आणि आम्ही आपले आयुष्यभर बाहुल्यांना बूट घालत आलो. मी रापी ठेवली. पेटीवाल्यांनी आणलेले बूट त्या पेटीतच होते, मागून उघडे. ते घातले, फीत बांधली, चादर ओढली. आईचे बूट परत डब्यात घालून वरच्या फळीवर, जुन्या साच्यांच्या मागे सारले. बाबांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता, समोरचा माणूस धुक्यात दिसायचा. पेटीपाशी बसून त्यांनी एकच विचारलं, घातलेस ना गं? मी म्हटलं, हो बाबा, छान बसले.

आणि तू आलास साडेतीनला. तू पेटीच्या पायथ्याशी उभा राहिलास. वाऱ्याने की कुणाच्या धक्क्याने चादर थोडी सरकली होती. चांभाराच्या पोराला तळ ओळखायला किती वेळ लागतो? तू पाहिलंस. मग माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता बोलशील, ओरडशील, काहीतरी करशील. तू वाकून चादर नीट केलीस, कडेने आत खोचलीस, आणि बाबांशेजारी जाऊन बसलास. त्यानंतर नऊ वर्षांत तू दोनदा घरी आलास आणि दोन्ही वेळा खुर्चीच्या टोकावर बसून गेलास. लोक म्हणतात, बापाशी पटत नाही म्हणून येत नाही. मीही लोकांना तेच सांगते. पण मला वाटतं तू माझ्या तोंडाकडे बघायचं टाळतोस, आणि मी तुझ्या. आपण दोघांनी तोंडाला कुलूप लावलं आणि किल्ली कुणाकडे आहे ते दोघांनाही ठाऊक नाही.

त्या दिवसापासून मी एकालाही फसवलेलं नाही, हे तुला सांगायला हवं. आईनंतर मंडळीतली एकवीस माणसं गेली. प्रत्येकाला खरा सोल, दुहेरी शिवण, मेण लावलेला दोरा. एकदा एका बाळासाठी बूट केले, माझ्या अंगठ्याएवढे, त्यालाही चामड्याचा सोल लावला. बाबा बोटांनी चाचपून बघायचे आणि मान डोलवायचे. एक जोडी झाली की थोडं हलकं वाटेल असं मला वाटायचं. उलट व्हायचं. परक्यांना खरे आणि सख्ख्या आईला पुठ्ठा. माझा विश्वास आहे की नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही. उपासनेत मी सगळ्यांबरोबर ओठ हलवते, देहाचं पुनरुत्थान हे शब्द आले की आवाज थोडा खाली नेते. पण मला एक कोडं सुटत नाही. काहीच उठणार नसेल, तर मला एवढी भीती कशाची वाटते? कारण मला ते दिसतं, धाकट्या. काम करताना, भांडी घासताना, कधीही. जमीन सगळी नवी, कोवळं ऊन, माणसं उठून एकमेकांना मिठ्या मारतायत, आणि आई उठून बसते आणि पहिल्यांदा खाली पायांकडे बघते. तिथे फीत आहे आणि भिजलेला पुठ्ठा. तिला क्षणात कळतं हे कुणाचं काम. आणि ती रागावत नाही. असू दे, म्हणते. आयुष्यभर जे म्हणत आली तेच. ते असू दे मला सहन होत नाही.

तरीही मी गप्प राहिले असते. तुझी ताई तेवढी पक्की आहे. पण दफनभूमीत आता नवी जागा उरलेली नाही. आठ वर्षं झाली असतील तर घरची कबर उघडून त्याच जागी दुसऱ्याला ठेवायचं, असा नियम झाला आहे. आधीच्या माणसाची हाडं घरच्यांनीच खाली उतरून गोळा करायची, लहान पेटीत ठेवायची आणि ती पेटी नव्या पेटीच्या पायाशी ठेवायची. तिथले माळीकाका कबर खोदून देतात, पण हाडांना हात लावत नाहीत. म्हणजे बाबा आईपाशी जाणार. हे कळल्यावर बाबा इतके खूष झाले की दोन दिवस गात होते. आणि मग त्यांनी मला बोलावून सांगितलं की माझे बूट तयार आहेत, फक्त टाचेला खिळे मारलेले नाहीत. तुझ्या आईच्या बुटांचं चामडं गेलं असेल, पण पितळ जात नाही. कबर उघडली की मातीत ते चौदा खिळे सापडतील. ते घासून पुसून माझ्या टाचांना ठोक. मग मला मातीत घाल.

मी आभाळ कोसळल्यासारखी उभी राहिले. मग माझ्या मनात पहिला विचार कोणता आला ते सांगते, म्हणजे तुला तुझी बहीण कळेल. मला वाटलं, किती सोपं आहे. डबा वरच्या फळीवर आहे, खिळे त्यात आहेत. बाबांना दिसत नाही. काढायचे आणि ठोकायचे. मी स्टुलावर चढून डबा काढला. नऊ वर्षांत चामडं जरा कडक झालं होतं, एवढंच. पकडीने डाव्या टाचेचा एक खिळा उपटला. तो हातात आला. खिळा कसा चकचकीत होता, माती कधी लागलीच नव्हती त्याला. मी तो मुठीत धरून आतल्या खोलीत गेले, बाबांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. रविवारची दुपार होती, उपासना आटोपून लोक घरी चालले होते आणि बाबा खिडकीतून त्यांची पावलं ऐकत पडले होते.

त्यांनी खिळा बोटांत फिरवून पाहिला. मग म्हणाले, आईला उठवणाऱ्याला तुझा पुठ्ठा आडवा येईल असं वाटतं का तुला? मी म्हटलं, नाही. म्हणाले, मग तिची काळजी करू नकोस. पण तू मला फसवलंस, ते वेगळं. आणि भिंतीकडे तोंड केलं. सोमवारी दूध घेतलं नाही. मंगळवारी चहासुद्धा नाही. मी पलंगापाशी बसून रडले, हात जोडले, ओरडलेही. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी तसंच भिंतीकडे तोंड करून विचारलं, किती सुजले होते? मला कळेना. चवड्यावर किती, घोट्याशी किती, म्हणाले. मी हाताने दाखवलं आणि मग लक्षात आलं की त्यांना दिसत नाही, म्हणून त्यांचा हात धरून माझ्या घोट्याभोवती हवेत फिरवला. एवढे? म्हणाले. एवढे, मी म्हटलं. आणि बाबा रडायला लागले. वर्षभर ती असे पाय घेऊन माझ्या घरात चालत होती आणि मी साऱ्या जगाचे पाय मोजत होतो, असं म्हणत म्हणत रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. तूही पाहिलं नसशील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आईच्या पायाचा लाकडी साचा मागवला. सांगत गेले तशी मी त्यावर चामड्याचे तुकडे चिकटवत गेले, इथे अजून एक, घोट्याशी अजून, आणि ते बोटांनी चाचपत गेले, जोवर साचा आईच्या शेवटच्या पायांएवढा झाला नाही. मग मी ती शिवण उसवली आणि पाचर घातली. खरोखर तासाचंच काम होतं. उपटलेला खिळा परत जागेवर ठोकला. मी विचारलं, बाबा, उठेल तेव्हा हे असेच सुजलेले पाय असतील का तिचे? ते म्हणाले, ते मला कळत नाही. नसतील बहुतेक. पण सैल बुटात चालता येतं, घट्ट बुटात नाही. एवढं बोलून त्यांनी स्वतःचे बूट मागितले, मांडीवर घेतले, कुरवाळले आणि मला परत दिले. तिचे बूट तिच्यापाशी पोचल्याशिवाय हे माझ्या पायात घालायचे नाहीत, म्हणाले. नाही पोचले तर मला अनवाणी पुरा. ती अनवाणी आणि मी बूट घालून, असं मी तिच्यासमोर उभा राहणार नाही. गावाला बूट घालणारा माणूस, धाकट्या, आणि हे त्याचं मागणं. मी मान्य केलं. माझे गुडघे तुला माहीत आहेत, मी त्या खड्ड्यात उतरू शकत नाही. हेही त्यांना माहीत आहे, म्हणून पुढचं त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता शेवटचं पान. बूट मांडीवर असतानाच त्यांनी विचारलं, त्याला माहीत होतं का? तुझ्याबद्दल विचारत होते. आणि मी उत्तर द्यायच्या आतच स्वतःच म्हणाले, नसणार. त्याला दिसलं असतं तर तो गप्प बसला नसता, तोंडाचा फटकळ आहे पण खोटं त्याला सोसत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी जरा बरं वाटल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, नाही बाबा, त्याला माहीत नव्हतं. एक खोटं मातीतून उकरून काढलं आणि त्याच जागी दुसरं पुरलं, या वेळी तुझ्यासाठी. हे मी नऊ वर्षं काय, नऊ दिवसही वागवू शकत नाही, म्हणून हे पत्र. तू ये. ते गेल्यावर आईचे बूट घेऊन खड्ड्यात उतरायला तर येच, पण त्याआधी ये, ते ऐकू शकतात तोवर, आणि चादर तू खोचलीस हे तुझ्या तोंडाने त्यांना सांग. तुझा विश्वास बसो न बसो. ते भिंतीकडे तोंड करतील, दूध घेणार नाहीत, कदाचित दोन दिवस, आणि त्यांच्याकडे किती दोन दिवस उरले आहेत मला माहीत नाही. मी शेजारी बसेन. तुझी डावी टाच अजून बाहेरूनच झिजते का? झिजत असेल तर दारात येऊन मी आलोय म्हणून सांगावं लागणार नाही तुला. ते रोज सकाळपासून तेच ऐकत पडलेले असतात.

वाट बघणारी, तुझीच
ताई